जुलाबाची गोळी आणि बंद पडलेलं आतडं : एका कमेंटला उत्तर

नमस्कार, मोठ्या आतड्याच्या आजारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की मी साध्या बद्धकोष्ठतेच्या लोकांना उगाच घाबरवते, जुलाबाची गोळी घेतली की पोट मोकळं होतं, लगेच सीटी स्कॅन कशाला. तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून सविस्तर उत्तर देते.

बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेक लोकांचं आतडं बंद पडलेलं नसतं, हे अगदी खरं. कमी पाणी, कमी हालचाल, लोहाच्या नाहीतर काही पेनकिलर गोळ्या, आयबीएस (आतड्याला इजा नसताना पोट बिघडत राहण्याचा त्रास), कारणं बहुतेक वेळा अशीच निघतात. त्यांना गोळी चालते.

पण पोट फुगलंय, थांबून थांबून कळा येतायत आणि गॅससुद्धा सरत नाहीये, अशा माणसाला गोळी देऊ नका हो. संडास किती दिवस झाली नाही यापेक्षा गॅस सरतोय का, हे आधी विचारा. मोठ्या आतड्यात पुढे अडथळा असेल आणि लहान आतडं त्याला मिळतं तिथली झडप घट्ट असेल तर गॅसला मागेही जाता येत नाही, दोन्हीकडून कोंडी. मग सगळ्यात जास्त ताण येतो तो सुरुवातीच्या रुंद भागावर, ज्याला सीकम म्हणतात, कारण जिथे घेर मोठा आणि भिंत पातळ तिथेच ती आधी ताणते. स्कॅनवर त्याची रुंदी १२ सेंटिमीटरच्या आसपास गेली की फाटायची भीती असते, आणि अशा वेळी आतडं जोरात आवळायला लावणारी गोळी दिली तर काय होईल ते तुम्हीच बघा. यात उलटी उशिरा सुरू होते म्हणून घरचे निवांत राहतात, ते वेगळंच.

अडथळा कशाने येतो? लहान आतड्यात बहुतेकदा जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटल्याने, किंवा हर्नियात अडकल्याने. मोठ्या आतड्यात मात्र मोठ्या माणसांमध्ये कॅन्सरचा विचार आधी करावा लागतो, मग पीळ, मग डायव्हर्टिक्युलायटिसने, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्या सुजल्याने, आलेला अरुंदपणा. पीळ सहसा सिग्मॉइडला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागाला पडतो, एक्सरेत कॉफीच्या बीसारखा फुगवटा दिसतो, आणि आतडं काळं पडलं नसेल तर दुर्बिणीतून नळी पिळाच्या पलीकडे गेली की गॅस आणि पातळ मळ भसाभसा बाहेर येतो, दगडासारखं पोट बघता बघता मऊ पडतं. तो पुन्हा पडू शकतो म्हणून नंतर बऱ्याचदा ऑपरेशन सुचवतात. शिवाय १९४८ साली ऑगिल्वी नावाच्या सर्जनने वर्णन केलेला एक प्रकार आहे, त्यात अडथळा काहीच नसतो तरी मोठं आतडं तसंच फुगतं, बहुतेक वेळा आधीच आजारी असलेल्या माणसांमध्ये. हे सगळं बाहेरून पोटावर हात ठेवून वेगळं ओळखता येत नाही, म्हणून सीटी स्कॅन.

आणि "पातळ झाली म्हणजे रस्ता मोकळा" हे तर अजिबात धरून चालू नका. आतडं अर्धवट बंद असताना पातळ मळ फटीतून सरकतो, पूर्ण बंद झाल्यावरही अडथळ्याच्या खालचं जे उरलंय ते एकदोनदा बाहेर येतं.

कमेंटच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की वडील पासष्टीचे आहेत, पूर्वी कधी तक्रार नव्हती, आता काही महिने कधी कडक कधी पातळ चाललंय आणि गोळीवर भागतंय. मला सगळ्यात जास्त काळजी या एका ओळीची वाटतेय. या वयात सवय अशी बदलली तर कोलोनोस्कोपीबद्दल (मोठं आतडं दुर्बिणीने आतून तपासणं) डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा, वजन उतरलंय का, मळात रक्त दिसतं का, हिमोग्लोबिन किती आहे तेही सांगा. आणि मध्येच पोट फुगून गॅस बंद झाला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, खायला-प्यायला काही न देता सरळ इमर्जन्सीत न्या.