गोंदिया ते अमरावती २१ मिनिटांत? असे विमानच नाही

"गोंदिया ते अमरावती फक्त २७८ किलोमीटर, विमानाने २१ मिनिटे, भाडे २,५०० रुपये. आता नागपूरला गाडी बदलायची कटकट नाही!" हा मेसेज विदर्भातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. गोंदियाच्या माझ्या मावशीने तो वाचला आणि विदर्भ एक्स्प्रेसचे अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंतचे तिकीट रद्द करायला सांगितले. अमरावतीला लेकीचे बाळंतपण तोंडावर आले आहे, आणि मावशी या विमानाच्या भरवशावर!

अंतर बरोबर आहे, तेवढे मान्य. गोंदियाचा बिरसी आणि अमरावतीचा बेलोरा या दोन विमानतळांमध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते.

पण २१ मिनिटे कुठून आली? २७८ ला ताशी ८०० ने भागा, हाच आकडा मिळतो. इंटरनेटवर अंतर सांगणारी पाने कोणत्याही दोन विमानतळांची नावे टाकली की असाच भागाकार करून देतात. तिथे विमान जाते की नाही, हे ती बघतच नाहीत. ताशी ८०० हा मोठ्या जेटचा उंचावरचा वेग. बेलोऱ्याला उतरते ते एटीआर-७२, पंख्याचे विमान, ताशी ५०० च्या आसपास जाणारे. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे हे सगळे वेगळेच. आणि ही सरळ रेघ जवळजवळ नागपूरवरूनच जाते, म्हणजे तिथल्या हवाई नियंत्रणाच्या परवानगीनेच पुढे सरकायचे.

पुरावा आपल्याच विमानतळाचा घ्या. मुंबई-अमरावती विमान १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाले. सरळ अंतर ५४० किलोमीटर, म्हणजे मेसेजच्या हिशेबाने ४० मिनिटे. जाहीर वेळापत्रकात होते १ तास ४५ मिनिटे! त्या मानाने गोंदिया-अमरावतीला पाऊण-एक तास तरी लागेलच, तेही असे विमान सुरू झाले तर.

कारण ते नाहीच. गोंदियाहून मार्च २०२२ मध्ये पहिले प्रवासी विमान उडाले ते इंदूर-हैदराबाद मार्गावर, पुढेही हैदराबादची सेवा मिळाली. अमरावती जोडली गेली मुंबईला. या दोन गावांच्या मध्ये एकाही कंपनीचे विमान नाही. "बिरसीला दिवसभर विमाने दिसतात" असेही मेसेजमध्ये आहे. दिसतात, पण ती वैमानिक प्रशिक्षण संस्थेची. त्यांत तिकीट काढून बसता येत नाही.

२,५०० रुपये ही सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेत सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला, तीही ठरावीक जागांपुरती, घातलेली मर्यादा होती. या मार्गाचे भाडे कोणीच जाहीर केलेले नाही.

आणि गाडी बदलायची कटकट? गोंदिया, नागपूर, बडनेरा एकाच हावडा-मुंबई मार्गावर आहेत. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये गोंदियाला बसायचे, साधारण पाच तासांनी बडनेऱ्याला उतरायचे. नागपूरला जागेवरून उठावेही लागत नाही. ज्यांनी तिकीट रद्द केले असेल त्यांनी आजच पुन्हा काढा.