पंचावन्नचा वसा

माझी गाडी धूर सोडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेले दोन आठवडे मी हे भेटेल त्याला सांगतोय आणि लोक "हो हो" म्हणून विषय बदलतायत. 2007 ची आहे, म्हातारी आहे, पण ऑइल वेळच्या वेळी, इंजिनाचा दिवा पेटलेला नाही. तरी धुराच्या तपासणीत नापास झाली. बरं, काय बिघडलंय विचारलं तर काहीच नाही. मग नापास का? तर बिघडलेलं नाही हे तिने अजून स्वतः तपासलेलं नाही म्हणून.

झालं असं की धाकट्याने गाडीतला मागचा दिवा रात्रभर चालू ठेवला, बॅटरी बसली, मी ती स्वतः बदलली (चाळीस डॉलर वाचवले, हा आकडा लक्षात असू द्या) आणि दुसऱ्याच दिवशी गाडी स्मॉगला, म्हणजे त्या धुराच्या तपासणीला, नेली. कारण आमच्या कॅलिफोर्नियात डीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ, रजिस्ट्रेशनचे पैसे गपचूप घेऊन ठेवते, पण दर दोन वर्षांनी स्मॉग पास झाल्याशिवाय नंबरप्लेटवरचा स्टिकर देत नाही.

माझ्या डोक्यात स्मॉग म्हणजे पुण्यातली पीयूसी. पंपाच्या कोपऱ्यात एक ओम्नी उभी असते, आतला माणूस सायलेन्सरमध्ये नळी घालतो, "रेस करा" म्हणतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, झालं. इथे 2000 पासूनच्या गाड्यांना नळीच नाही. उभ्याउभ्या धूर दिसतो का बघतात, थोडं वरवर पाहतात आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तब्येतीची माहिती देणाऱ्या, सॉकेटला वायर लावून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात, काय गं, बरी आहेस ना? आणि बॅटरी काढली की हा कॉम्प्युटर सगळं विसरतो. ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट, पेट्रोलची वाफ बाहेर जाते का ते बघणारा इव्हॅप, प्रत्येकावर एकेक मॉनिटर आहे आणि त्याने आपापली तपासणी पूर्ण केली तरच तो 'रेडी'. माझ्या वयात, म्हणजे माझ्या गाडीच्या वयात हां, 2000 पासूनच्या गाड्यांत, एकट्या इव्हॅपला सूट आहे, बाकी सगळे हजर पाहिजेत. आमच्या शाळेत मॉनिटर फळ्यावर दंगा करणाऱ्यांची नावं लिहायचा. इथे पोरं शांत बसलीयत, मॉनिटरच शाळेत आलेले नाहीत आणि वर्ग नापास.

फी मात्र घेतली. नापासाची पण पूर्ण फी. वर सल्ला काय, तर "चालवा थोडे दिवस." किती दिवस? तपासणाऱ्याने खांदे उडवले.

आणि इथे तो म्हातारा बोलला.

गॅरेजच्या दारात घडीची खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते, टोपी, सस्पेंडर्स, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी, हातात टरफलं थुंकायला कागदी कप. गिऱ्हाईक नव्हते आणि नोकर पण नव्हते, आपल्याकडे केशकर्तनालयात दाढी न करता पेपर वाचत बसणारे असतात तसे. इंग्रजीत बोलत होते, पण मला ते आठवतात ते मराठीतच.

"बॅटरी?" ते म्हणाले.

"हो."

"स्वतः बदललीस?"

"हो."

त्यांनी टोपी थोडी वर केली. मयताला आल्यासारखा चेहरा. "त्यानंतर किती चालवलीस?"

"घरापासून इथपर्यंत."

"घर कुठे?"

"दोन मैलांवर."

ते हसले, बी घशात अडकली, खोकले, परत हसले. मग मला धीर द्यायला म्हणाले, "माझ्या मेव्हण्याची गाडी सात आठवडे रेडी झाली नव्हती. शेवटी विकायला काढली." इथे थांबले. "पण विकायला पण स्मॉग लागतं."

मग त्यांनी मला वसा दिला. दुसरा शब्दच नाही त्याला. हा वसा कधी घ्यावा? बॅटरी बदलल्यावर घ्यावा. आदल्या रात्री गाडी थंड करावी, आठ तास हात लावू नये. टाकी अर्धी असावी, भरलेली नको, रिकामी नको. पहाटे उठावं, गाडी सुरू करावी, जागच्या जागी उभी ठेवावी, ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. मग हायवेला लागावं आणि ताशी पंचावन्न मैलांच्या स्पीडने जावं.

"पंचावन्न म्हणजे साधारण..."

"पंचावन्न," ते म्हणाले. "छप्पन्न नाही." कपात थुंकले. "मग पाय काढायचा आणि गाडी आपोआप वीसवर येऊ द्यायची. ब्रेक नाही. ब्रेक लावलास तर पहिल्यापासून."

"हायवेवर ब्रेक न लावता वीसवर?"

"मेव्हणा पण हेच म्हणायचा."

एवढं सांगून ते उठले, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पिकअपपाशी गेले आणि किल्ली फिरवली. आईशप्पथ, होळी पेटली. निळा धूर, त्यात काळा धूर, आतला टेक्निशियन खोकत दार लावायला धावला. मी नाकावर शर्ट धरून विचारलं, हिचं स्मॉग कुठे करता?

"ही 1974 ची," ते खिडकीतून प्रेमाने म्हणाले. "1976 पासूनच्या गाड्यांना स्मॉग. हिला नाही."

"कधीच?"

"कधीच." आणि पिशवी पुढे केली. मी दोन बिया घेतल्या. काय करणार.

तर पहाटे पावणेसहाला मी 680 नंबरच्या हायवेवर. फ्रीमाँटहून सुनोलची चढण चढून प्लेझंटनच्या पुढे सपाटीला लागायचं आणि उजव्या लेनमध्ये पंचावन्न धरायचं, जिथे लिमिट पासष्ट आहे आणि लोक ऐंशीने ऑफिसला चाललेत. मागे एक सिमेंटचा ट्रक. त्याने आधी हॉर्न दिला, मग लाइट मारले, मग बाजूने जाताना माझ्याकडे असं बघितलं की मला काच खाली करून सांगावंसं वाटलं, बाबा रे, मी पर्यावरणासाठी करतोय. ब्रेक न लावता वीसवर यायला एक्झिटचा लांब रॅम्प शोधला, तर खाली सिग्नल लाल. लागला ब्रेक. पहिल्यापासून.

कोणता मॉनिटर रेडी झाला ते फोनवर दाखवणारा वीस डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला (चाळीसमधले वीस गेले). पहिल्या दिवशी हीटर हिरवा. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन सेन्सर. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी कॅटॅलिस्ट 'इन्कम्प्लीट'. मी सिग्नलला उभा राहून फोनकडे असा बघायचो जसा दहावीच्या निकालाकडे बाप बघतो. 240 मैल झाले. गाडी धूर सोडत नाही हे सिद्ध करायला मी आठ गॅलन पेट्रोल जाळलं, हे कोणाला तरी सांगायला हवं पण सांगायचं कुणाला, डीएमव्हीचा फोन लागतो का.

आणि आता खरं सांगू का, हसू येत नाही मला यात. माझ्या कंपनीत सकाळी उशिरा गेलं तरी चालतं. त्या गॅरेजात माझ्या पुढे एक बाई होती, जुनी व्हॅन, मागे कार्पेट साफ करायची मशिनं, तिलाही हेच सांगितलं, चालवा थोडे दिवस. ती पहाटे पंचावन्नने कुठे फिरणार? तिला कामावर पोचायचंय. नव्या गाडीवाल्यांना पहिली आठ वर्षं स्मॉगच नाही, वर्षाला थोडी फी भरली की सुटले. आणि पार जुन्यांना माफी. मधल्यांनी वसे करायचे.

सहाव्या दिवशी मी उठलोच नाही. बायको गाडी घेऊन वाणसामानाला कॉस्टकोच्या दुकानात गेली. पोराला कराटेला सोडलं, फ्रीवेने कॉस्टको, एसी फुल, परत येताना ट्रॅफिक. आल्यावर मी सवयीने स्कॅनर लावला. कॅटॅलिस्ट हिरवा.

"काय केलंस?"

"काय केलंस म्हणजे?"

"कितीने चालवलीस?"

"बघते का मी? सत्तर असेल. अरे ती फ्रोजन मटारची पिशवी काढ आधी, वितळतायत."

मटार ठेवले आणि त्याच संध्याकाळी गाडी स्मॉगला नेली, रस्त्यात एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही, न जाणो बॅटरीची वायर हलली तर. दहा मिनिटांत पास. परत पूर्ण फी, वर सर्टिफिकेटचे सव्वाआठ डॉलर. खुर्चीवर म्हातारा होताच. मी सांगितलं, बायकोने केलं. कसं, ते त्यांनी विचारलं. सत्तरने, एसी लावून, ब्रेक मारत, कॉस्टकोला, असं सगळं सांगितलं.

ते बराच वेळ कपात बघत बसले. मग म्हणाले, "मेव्हण्याची गाडी अजून अंगणात उभी आहे. तुझी बायको शनिवारी मोकळी असते का?"

घरी अजून विचारलेलं नाही.