पळालेल्या गाडीचा नंबर फॉरवर्ड करणे म्हणजे अलर्ट नव्हे

सोलापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कुणी धडक देऊन पळाला तर नंबर लगेच सगळीकडे टाका. अमेरिकेत असेच अलर्ट जातात. जितके फॉरवर्ड, तितकी गाडी लवकर सापडते. पोलिसांना फोन केला तर साक्षीला अडकाल. आणि ड्रायव्हर सापडला नाही तर घरच्यांना एक रुपया मिळत नाही.’ पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. मेसेज मात्र चुकीचा आहे.

आधी अमेरिका. २०११ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला होसे मेदिना या तरुणाला उडवून गाडी पळाली. एका टॅक्सीवाल्याने पाठलाग करून तिचा नंबर पोलिसांना दिला. त्यातून पळालेल्या गाडीची माहिती लोकांना कळवणारा ‘मेदिना अलर्ट’ आला आणि २०१४ मध्ये त्याचा राज्यभर कायदा झाला. तो अलर्ट पोलिसांकडून निघतो, मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तरच, आणि गाडीची किंवा संशयिताची ठोस माहिती हातात असेल तरच. काम झालं की तो मागे घेता येतो. आपल्या मेसेजला मागे घेणारा कुणी नसतो. महिन्यांनी तोच मेसेज ‘आत्ताच घडलंय’ म्हणून परत येतो.

फॉरवर्डने गाडी लवकर सापडते हेही खरं नाही. साठच्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. विजापूर रोडला लागलेली गाडी तासाभरात भीमा ओलांडून कर्नाटकात पोहोचते. म्हणून पहिला फोन ११२ ला, आणि माहिती या क्रमाने द्या: जागा आणि जवळची खूण, गाडी कोणत्या दिशेला गेली, प्रकार आणि रंग, नंबर, कोणत्या बाजूला मार लागलाय. जखमीसाठी १०८. नंबर पूर्ण आठवत नसेल तर शेवटचे चार आकडेही पुरतात, पण अंदाजाने आकडा भरू नका. रात्री ३ आणि ८, १ आणि ७ सहज चुकतात. एमएच १३ चा एक आकडा चुकला की भलत्याच घरासमोर लोक जमतात. ऊसाच्या ट्रॉलीला मागे नंबर नसला तर ट्रॅक्टरचा रंग आणि ट्रॉलीवर लिहिलेलं नाव सांगा.

खरा पुरावा बहुतेकदा रस्त्यावर पडलेला असतो. फुटलेल्या हेडलाइटच्या काचेवर किंवा आरशाच्या प्लास्टिकवर कंपनीचा शिक्का आणि पार्ट नंबर कोरलेला असतो, त्यावरून मॉडेल कळतं. तुकडे उचलू नका. बाजूला चावी किंवा नाणं ठेवून फोटो घ्या. दुकानाच्या सीसीटीव्हीचं फुटेज मिळवायला उशीर करू नका: हार्डडिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, लहान दुकानात आठ-पंधरा दिवसांतच. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ अनेकदा चुकीचं असतं. मोबाइलवरच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवा, नाहीतर तपास चुकीच्या गाडीमागे जातो. स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढला की नंबरप्लेट बहुतेकदा वाचता येत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. कोर्टात त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, दुकानदाराच्याही सहीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तपासी अंमलदाराला दुकानदाराचं नाव कळवून ठेवा.

साक्षीची भीती तर अनाठायीच. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आणि २०२० चे नियम मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्यानेच ठरवायचं.

पैशाबद्दलचं वाक्य सर्वांत घातक, कारण ते वाचून लोक अर्जच करत नाहीत. गाडी सापडली नाही तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या ‘हिट अँड रन’ भरपाई योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन किंवा जखमेचा अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुक. पुढे ड्रायव्हर सापडून कोर्टाने भरपाई दिली, तर ही रक्कम त्यातून वळती होते. म्हणून तपास संपायची वाट पाहत बसू नका.