काळा गुलाब खरोखर असतो का?

व्हॅलेंटाइनचा आठवडा जवळ आला की काळ्याकुट्ट गुलाबाचे एक छायाचित्र सगळीकडे फिरू लागते, आणि हे फूल जगात केवळ तुर्कस्तानातल्या हल्फेती गावीच फुलते, असे त्याखाली लिहिलेले असते. गुलाबाची आवड असणारा माणूस म्हणून मला याबद्दल स्पष्ट लिहावेसे वाटते. पूर्ण काळा गुलाब निसर्गात नाही, आणि नवी वाणे तयार करणाऱ्यांनाही तो आजवर साधलेला नाही. त्या छायाचित्रातला काळा रंग संगणकावर चढवलेला आहे.

गुलाबाला लाल-गुलाबी छटा देणारी रंगद्रव्ये म्हणजे अँथोसायनिन, आणि लाल गुलाबात त्यांपैकी सायनिडिन हे मुख्य. ते पाकळीत कितीही दाट साठले तरी रंग अधिकाधिक गडद लाल होत जातो, काळा होत नाही. काळेपणाचा भास होतो तो पाकळीच्या पृष्ठभागामुळे. तिथल्या पेशी सूक्ष्म, टोकदार उंचवट्यांसारख्या असतात, त्यांच्या फटींत उजेड अडकतो आणि पाकळी मखमली, सावळी दिसते. फ्रान्सच्या मेयाँ घराण्याचे ‘ब्लॅक बकारा’ किंवा त्याच घराण्याने 1963 साली आणलेले ‘पापा मेयाँ’ ही वाणे नीट पाहिली की हे पटते. ‘पापा मेयाँ’ची कळी अर्धवट उमललेली असताना बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा शाई लागल्यासारख्या दिसतात, पण त्यातलीच एक पाकळी काढून उन्हासमोर धरली की ती आरपार रक्तवर्णी असते. आपल्याकडे हा गडदपणा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सर्वांत खुलतो. एप्रिलच्या उन्हात तेच झाड साधी लाल फुले देते आणि पाकळ्यांच्या कडा करपतात. हे इतके सुंदर फूल समोर असताना त्याला खोट्या काळ्या रंगाची जोड कशाला हवी, हे मला खरोखर समजत नाही.

फुलांच्या दुकानात मिळणारा काळा गुलाब रंगवलेला असतो. रंग फवारला असेल तर आतल्या पाकळ्या वेगळ्या करून पाहाव्यात, त्यांच्या तळाशी मूळ रंग सापडतोच. दांड्यातून रंगीत पाणी शोषवले असेल तर पानांच्या शिराही रंगलेल्या दिसतात. सजावटीसाठी असे फूल घ्यायला माझी हरकत नाही, फक्त विकणाऱ्याने ते रंगवलेले असल्याचे सांगावे.

ऑनलाइन विकली जाणारी ‘काळ्या गुलाबाच्या बियां’ची पाकिटे ही मात्र सरळ फसवणूक आहे. गुलाबाचे कोणतेही नावाजलेले वाण बियांपासून जसेच्या तसे येत नाही, प्रत्येक बी वेगळे झाड देते. म्हणूनच आपल्या रोपवाटिकांत गावठी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरतात, म्हणजे हव्या त्या वाणाचा अंकुर त्यावर बसवून कलम करतात. ज्यांना गडद गुलाब हवा आहे, त्यांनी थंडीत रोपवाटिकेत जाऊन, फूल डोळ्यांनी पाहून डोळा भरलेले रोप घ्यावे.

काळा गुलाब म्हणजे मृत्यू, सूड किंवा नात्याचा शेवट, अशा तयार अर्थांच्या याद्याही फिरत असतात. 19व्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडात प्रत्येक फुलाला ठरावीक अर्थ चिकटवणाऱ्या पुस्तिकांची मोठी लाट होती, आणि या याद्या त्याच वळणाच्या आहेत. संक्रांतीला हौसेने काळी साडी नेसणाऱ्या, मंगळसूत्रात काळे मणी ओवणाऱ्या आणि सावळ्या विठ्ठलापुढे उभ्या राहणाऱ्या समाजाने त्या का पाठ कराव्यात? याउलट आयर्लंडमध्ये ‘रोशीन डूव्’ म्हणजे काळीसावळी गुलाबकळी ही एका जुन्या आयरिश गीतातली प्रेयसी आहे. इंग्रजी सत्तेखाली दबलेल्या लोकांनी तिच्यात आपला देश पाहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या ते गीत जपले. तिथे काळा गुलाब मृत्यूचे प्रतीक नसून, ज्याच्या सुटकेची वाट पाहायची त्या मायभूमीचे प्रतीक आहे, आणि तो अर्थ मला कुठल्याही यादीपेक्षा फार मोलाचा वाटतो.

हल्फेतीचेही तसेच आहे. तिथला ‘कारागुल’ हा गुलाब खरा आहे. कळी जवळजवळ काळी वाटते आणि उमलताना ती गडद किरमिजी होते. पण त्या गावाची खरी हकिगत फुलाच्या रंगाची नाही. युफ्रेटिस नदीवर बिरेजिक धरण झाले, 2000 साली पाणी चढले आणि जुन्या हल्फेतीचा मोठा भाग बुडाला. शेजारच्या सावाशान गावातल्या मशिदीचा मिनार आजही पाण्यातून वर आलेला दिसतो आणि पर्यटक होडीने तो पाहायला जातात. घरे, बागा आणि गुलाबांच्या जागा पाण्याखाली गेल्या आणि लोकांना नव्या वसाहतीत जावे लागले. ‘धरणग्रस्त’ या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोयनेपासून आपण ते पाहत आलो आहोत. त्यामुळे हल्फेतीच्या माणसांना आपल्या गुलाबाचा इतका अभिमान का वाटतो, हे इतरांपेक्षा आपल्याला लवकर कळायला हवे. त्यांच्या फुलाला जादूचे फूल ठरवताना त्यांच्या बुडालेल्या घरांचा साधा उल्लेखही न करणे मला अन्यायाचे वाटते.