ती खुर्ची डिकीत जाणार नाही

आज गेवराईला चुलत पुतण्याचं जावळ होतं. कार्यक्रम छान झाला, जेवणं झाली, निघायची वेळ झाली. गाडीपाशी येऊन बघते तर मागची सीट मोकळी! आमच्या लेकीची खुर्ची, म्हणजे लहान लेकरांना गाडीत पट्टा नीट बसावा म्हणून सीटवर ठेवतात ती, डिकीत आहेराच्या पिशव्यांखाली आडवी पडलेली. चुलत दिरांनी काढून ठेवली होती. वर मलाच म्हणतात, "वहिनी, त्या खुर्चीपायी दोन माणसं कमी बसायलेत. पाडळसिंगीपर्यंत तर सोडायचंय त्यांना, लेकराला घ्या की मांडीवर."

चार पाहुण्यांसमोर माझा आवाज चढला. पिशव्या खाली उतरवल्या, खुर्ची काढली, परत सीटवर बसवली. दहा मिनिटं गेली आणि सगळा मांडव बघत उभा होता. आत्याबाई म्हणाल्या, "उगं कशाला गं तमाशा." त्या दोन पाहुण्यांना दुसऱ्या गाडीत जागा मिळाली, कुणी रस्त्यावर राहिलं नाही. पण घरी येऊन चार तास झाले तरी माझं डोकं शांत नाही, म्हणून लिहायला बसले.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही अंबाजोगाईहून बीडला येत होतो. केज मागं पडलं, नेकनूर यायचं होतं. अंधार पडलेला. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी. आपल्याकडं कारखाने चालू झाले की हे रोजचंच आहे. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रॉलीला लागलीसुद्धा नाही. मी हुश्श म्हणून मागं वळले तर लेक सीटवरून अर्धी खाली घसरलेली. कमरेचा पट्टा पोटावर चढलेला आणि खांद्याचा पट्टा मानेत रुतलेला. रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. घरी येऊन दिव्याखाली पाहिलं तर कानाखालपासून गळ्याच्या हाडापर्यंत लालभडक वळ, आणि त्यात पट्ट्याची वीण न वीण उमटलेली. नुसत्या ब्रेकचा हा वळ! गाडी कशावर आदळली असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

आणि आम्ही बेल्ट लावला होता. "आम्ही तर बेल्ट लावतो की" असं अभिमानानं सांगणारे आम्हीच.

गाडीतला बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. साधारण 145-150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत तो लेकराच्या अंगावर नीट बसतच नाही. पट्टा खांद्याच्या मधोमध यायला पाहिजे, तो मानेवर येतो. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर टेकायला पाहिजे, तो पोटावर येतो. लहान लेकरांचं ते हाडच अजून पुरतं वाढलेलं नसतं, त्यामुळं पट्टा वर सरकतो आणि धक्का बसला की आतड्यांवर, मणक्यावर दाब येतो. शिवाय सीट लेकराच्या मांडीपेक्षा लांब असते. गुडघे कडेला मुडपत नाहीत, पाय सरळ राहतात, मग पाय खाली सोडायला लेकरू आपोआप पुढं घसरतं. आमची घसरली ती तशीच. आणि मान घासते म्हणून पट्टा पाठीमागं किंवा बगलेखालून घालणारे आईबाप तर मी रोज बघते. ते करू नका हो. वरचं अंग मोकळं सोडून बेल्ट लावण्यात काही अर्थ नाही.

तर खुर्ची घ्यायला आम्ही संभाजीनगरला गेलो. दुकानदार म्हणाला, ताई, लेकरू आता मोठं झालं, पाठीची खुर्ची कशाला, ही नुसती खालची गादी घ्या, पाव किमतीत होईल. ह्यांनाही ते पटलं होतं. मी लेकीला खाली पार्किंगमध्ये नेलं आणि आमच्याच गाडीत दोन्ही लावून बघायला लावलं. गादीवर ती उंच झाली, कमरेचा पट्टा जागेवर आला, पण खांद्याचा पट्टा परत मानेकडंच. पाठीच्या खुर्चीला डोक्याजवळ लाल खाच असते, पट्टा तिच्यातून ओवायचा. डोक्याचा भाग वरखाली सरकवून ती खाच खांद्याच्या किंचित वर ठेवायची. तशी ठेवली आणि पट्टा बरोबर खांद्याच्या मधोमध बसला. मान मोकळी. मी तिच्या मानेवर, त्या वळाच्या जागेवर बोट फिरवून पाहिलं आणि तिथंच ठरवलं. साडेसात हजार गेले. युरोपात आता नवीन बिनपाठीच्या गादीला 125 सेंटिमीटरच्या खालच्या लेकरासाठी मंजुरीच देत नाहीत. आमची 112 आहे.

दुसरं म्हणजे झोप. आपली लेकरं गाडी गेवराईच्या बाहेर पडत नाही तोवर झोपतात. गादीवर झोपलं की डोकं खिडकीकडं कलंडतं, अंग पट्ट्यातून बाहेर येतं. पाठीच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी डोक्याला आधार असतो. लेकरू झोपलं तरी पट्ट्यातच राहतं.

मांडीवर घ्या म्हणे! आईच्या हातात जोर असतो हे मला मान्य आहे. पण ताशी 50 च्या वेगानं जाणारी गाडी आदळली की 19 किलोचं लेकरू आईच्या हाताला काही शे किलोचं होतं. कुठली आई धरेल? समृद्धीवर तर 120 ची मर्यादा आहे आणि तिथंही मी बोनेटकडं तोंड करून पुढच्या सीटवर उभी केलेली लेकरं बघितली आहेत. आणि हे बीड जिल्ह्यात सांगावं लागतं? 3 जून 2014 ला आपले गोपीनाथ मुंडेसाहेब गाडीच्या अपघातात गेले तेव्हा ते गाडीत मागच्याच सीटवर होते. त्या दिवशी आपल्या कितीतरी घरांत चूल पेटली नाही. मागच्या सीटच्या बेल्टची चार दिवस चर्चा झाली आणि आपण सगळे विसरलो.

हां, मान्य आहे, मागं तीन लेकरं असली की तीन खुर्च्या मावत नाहीत. पैशाचाही प्रश्न आहे, सगळ्यांना साडेसात हजार जमत नाहीत. एसटीत कुठं बेल्ट असतो, हेही खरं. पण जावळाला मांडव घालणाऱ्याला जमत नाही असं कुणी मला सांगू नये. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालचं लेकरू बेल्टशिवाय किंवा त्याच्या खुर्चीशिवाय बसवलं तर 1000 रुपये दंड आहे. आपल्याकडं मला तरी पावती फाडलेली दिसली नाही. पण मी पावतीला भिऊन खुर्ची घेतली नाही, तो वळ बघून घेतली.

लिहिता लिहिता आता राग जरा उतरलाय. लेक शेजारी झोपली आहे. आज येताना ती पूर्ण रस्ताभर झोपली, गाल खुर्चीच्या कडेला टेकवून. तिला ती खुर्ची आवडते, कारण तिच्यावरून तिला खिडकीबाहेर दिसतं. आधी तिला नुसतं दाराचं प्लास्टिक दिसायचं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. उन्हाळ्यात बक्कल तापून चटका बसतो, म्हणून मी त्यावर ओला रुमाल टाकून ठेवते. ती नसली तरी खुर्चीला बेल्ट लावूनच ठेवते, नाहीतर ब्रेक दाबला की रिकामी खुर्चीच आपल्या डोक्यात येते.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. चार माणसांत आवाज चढवला, ते चुकलं माझं. तुम्ही पाहुण्यांच्या सोयीसाठी केलं, तेही कळतं. पण खुर्ची परत काढली तर परत असंच बोलेन. तुमच्या गाडीत मागं मधल्या जागेला नुसता कमरेचाच पट्टा आहे, मी आज बघितला. तिथं ही खुर्ची चालत नाही, खांद्यावरून येणारा पट्टा लागतो, म्हणजे खिडकीकडची जागा. तुमचा धाकटा आमच्या लेकीपेक्षा बोटभर उंच असेल. रविवारी बीडला या, आमच्या दाराच्या चौकटीला उभं करून त्याची उंची मोजू, आणि आमची खुर्ची तुमच्या गाडीत लावून बघू.