निर्वासित मुलांचे इंग्रजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या निर्वासित मुलांच्या इंग्रजी शिक्षणावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप असे आहेत : ज्यांना उद्या परत जायचे आहे त्यांच्या इंग्रजीवर करदात्यांनी पैसे का घालावेत, मुले तर खेळता खेळता आपोआप भाषा शिकतात, आणि आपली मराठी मुलेही तात्पुरत्या व्हिसावरच येतात, त्यांचे कोण बघते?

शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. न्यू साउथ वेल्समध्ये अनेक तात्पुरत्या व्हिसाधारकांना मुलांच्या सरकारी शाळेसाठीही फी भरावी लागते, आणि ते मलाही खटकते. मात्र महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आहे, नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांपैकी निदान एकाला ती भाषा येते, आणि नाहीच जमले तर परतायला घर असते. अफगाणिस्तानातून निघून वाटेत इतर देशांत दिवस काढलेल्या हजारा या अल्पसंख्य समाजातील मुलांपैकी कितीतरी जणांची मधली वर्षे शाळेविनाच गेलेली असतात; स्वतःच्या लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा हातसुद्धा कधी कधी पुरता बसलेला नसतो.

आता ‘उद्या परत जायचे आहे’ याविषयी. निर्वासितांना तात्पुरते संरक्षण देणारा तीन वर्षांचा टेम्पररी प्रोटेक्शन व्हिसा १९९९ मध्ये आला, २००८ मध्ये रद्द झाला आणि २०१४ मध्ये पुन्हा लागू झाला. पहिल्या वेळी तर या व्हिसावरील प्रौढांना, इतर निर्वासितांना मिळणारे ५१० तासांचे मोफत इंग्रजी वर्गही नाकारले गेले होते, म्हणजे घरी अभ्यास घेणारेही कोणी उरले नाही. पुढे, अशा तात्पुरत्या व्हिसांवर असलेल्या सुमारे १९,००० जणांना कायम वास्तव्याची वाट मोकळी झाली ती थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. २०१२ मध्ये सहाव्या वर्षी इथे आलेले मूल तेव्हा सतरा वर्षांचे झाले होते. ज्याला आपण ‘उद्या’ म्हणता, त्यातच त्याची अख्खी शाळा आटोपली.

आणि ‘आपोआप’? मी मेलबर्नमध्ये शनिवारी मुलांचा अभ्यास घेते. तिथे आठवीतली एक मुलगी येते. मैदानावरचे तिचे इंग्रजी ऐकाल तर ती इथलीच वाटेल. गणिताच्या चाचणीत तिने एक प्रश्न कोराच सोडला होता : सहा आकडे दिले होते आणि त्यांचा ‘मीन’, म्हणजे सरासरी, काढायचा होता. तिला ‘मीन’चा एकच अर्थ ठाऊक होता, दुष्ट, शाळेच्या आवारात तो शब्द तिने पुष्कळदा ऐकला होता. आकडे दुष्ट कसे असतील, हे वर्गात विचारायची तिला लाज वाटली. सगळ्यांची बेरीज करून सहाने भाग, एवढेच मी म्हटले आणि अर्ध्या मिनिटात उत्तर आले. प्रगतिपुस्तकात मात्र ती गणितात कच्ची आहे.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला हा फरक मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. नेमके म्हणूनच, मूल फाडफाड बोलू लागले की त्याची मदत थांबवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

सात वर्षे वेगळी शाळा चालवा, असे माझे म्हणणे नाही. व्हिक्टोरियात नवागत मुलांसाठी इंग्रजी भाषेच्या शाळा आहेत आणि तिथे मुले साधारण दोन ते चार सत्रे, म्हणजे सहा महिने ते वर्षभर, काढतात. ती सोय चांगली आहे. माझी मागणी त्यापुढची आहे : नेहमीच्या वर्गात गेल्यावरही विज्ञान-गणिताच्या तासाला भाषेचे शिक्षक सोबत असावेत, आणि ते कोणाला मिळावेत हे व्हिसाचा प्रकार पाहून नव्हे, तर मुलाची वही पाहून ठरावे.