शेफील्ड एफसी: मोठेपण खरं, मेसेज खोटा

दर ऑक्टोबरात एक मेसेज फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतो. फुटबॉल बघणारा मी एकटाच, म्हणून घरातलेही मलाच पाठवतात. मजकुरात थोडाफार फरक असतो, पण गाभा हा: "२४ ऑक्टोबर १८५७. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या गरीब पोलाद कामगारांनी जगातला पहिला फुटबॉल क्लब काढला आणि फुटबॉलचा जन्म झाला! हेडर, कॉर्नर, क्रॉसबार, सगळं त्यांनीच शोधलं. लंडनच्या श्रीमंतांनी ते चोरलं आणि पैशाच्या जोरावर या क्लबला खाली ढकललं. आज तो क्लब इतका कंगाल आहे की नियमांची मूळ वही विकून दिवस काढतोय. फिफाने सन्मान दिलेला हा जगातला एकमेव क्लब." शेवटी हात जोडलेल्या तीन इमोजी. सोबत खच्चून भरलेल्या स्टेडियमचा फोटो.

तारीख बरोबर आहे. बाकीच्याचं बघू.

आधी फोटो, कारण ते सोपं आहे. ते लाल खुर्च्यांचं स्टेडियम म्हणजे ब्रॅमल लेन, शेफील्ड युनायटेडचं मैदान. युनायटेड १८८९ साली निघाला, म्हणजे आपल्या क्लबपेक्षा तब्बल ३२ वर्षांनी. शेफील्ड वेन्सडे तिसराच. तो मूळचा क्रिकेट क्लब, त्यांनी १८६७ साली फुटबॉल सुरू केलं. आणि ज्याच्याबद्दल हा मेसेज आहे तो शेफील्ड एफसी, गावात नुसता 'द क्लब'. त्याचं मैदान दोनेक हजार माणसांचं आहे, आणि गंमत म्हणजे ते शेफील्डमध्ये नाहीच. शहराची हद्द ओलांडून डर्बीशरमधल्या ड्रॉनफील्डला, 'कोच अँड हॉर्सेस' नावाच्या पबच्या मागे आहे. २००१ पासून क्लब तिथे खेळतो. हे त्यांचं स्वतःच्या मालकीचं पहिलं मैदान. त्याआधीची जवळजवळ दीडशे वर्षं भाड्याच्या आणि उसन्या जागांत गेली.

आता "गरीब पोलाद कामगार". हे वाचलं की माझं डोकं फिरतं. गावाचं नाव पोलादाशी जोडलेलं, म्हणून तिथे जे काही उगवलं ते भट्टीवरच्या माणसानेच लावलं असं धरून चालायचं. क्लब काढणारे दोघे: नॅथॅनिएल क्रेसविक हा वकील आणि विल्यम प्रेस्ट हा दारूचा व्यापारी. दोघेही क्रिकेट खेळणारे. हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं, अंग जड होतं, तेव्हा काहीतरी खेळत राहू, एवढीच मूळ कल्पना. सुरुवातीचे बरेच सभासद कॉलेजिएट स्कूल नावाच्या खाजगी शाळेतून शिकून निघालेले, वकील-डॉक्टर-कारखानदारांच्या घरातले. पोलादाशी त्यांचा संबंध होताच, पण तो मालकाच्या पोरांचा.

पहिलं कार्यालय कुठे, तर पार्क हाउस नावाच्या बंगल्याच्या आवारातल्या, झाडं ठेवायच्या काचेच्या खोलीत. शेजारचं शेत हे मैदान. समोर दुसरा संघच नव्हता, म्हणून आपसातच खेळायचे. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, असे सामने लावायचे. लग्न झालेल्यांची बाजू किती वेळा जिंकली कोण जाणे.

"जगातला पहिला क्लब". इथे एका शब्दाने घात केला आहे. शेफील्ड एफसी हा आज हयात असलेल्या फुटबॉल क्लबांमधला सर्वांत जुना, हे फिफाही मानतं आणि मीही बिनशर्त मानतो. पण पहिला? एडिंबरामध्ये जॉन होप नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने १८२४ साली 'फुट-बॉल क्लब' काढला होता. तो १८४१ पर्यंत चालला. वर्गणी किती जमली, सभासद कोण, याच्या याद्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. ते खेळत होते ते आजच्यासारखं फुटबॉल होतं का? नव्हतं. पण १८५७ चं शेफील्डही नव्हतं, ते पुढे येतंच. होपचा क्लब बंद पडला, क्रेसविकचा टिकला. टिकण्याला कमी लेखायचं कारण नाही. उलट माझ्या मते खरी करामत तीच आहे. काढले गेलेले क्लब पुष्कळ, उरलेले थोडे.

"फुटबॉलचा जन्म" हे तर सोडूनच देऊ. लंडनच्या महापौराने गलका फार होतो म्हणून शहरात फुटबॉल खेळायला बंदी घातली ती १३१४ साली. जो खेळ जन्मलाच नाही त्यावर कोणी बंदी घालत नाही.

आता मुख्य मुद्दा, नियम. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात मजा इथे आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं इथेच काही वाचलेलं नाही.

क्लबने १८५८ मध्ये नियम ठरवले आणि १८५९ मध्ये छापले. ते वाचताना आजचा प्रेक्षक बुचकळ्यात पडेल. समोरच्याला हाताने ढकलायला परवानगी आहे. चेंडू हाताने ढकलता येतो, मारता येतो. फक्त धरून ठेवायचा नाही. हवेतला चेंडू जमिनीला लागायच्या आत झेलला, तर झेलणाऱ्याला फ्री किक! ऑफसाइडचं, म्हणजे पुढे गोलाजवळ दबा धरून पास घ्यायला मनाई करणाऱ्या नियमाचं, नाव नाही. पायात पाय घालून पाडणं आणि नडगीवर लाथ मारणं मात्र साफ मना. शेवटचा नियम तर मला तोंडपाठ आहे: प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशा फ्लॅनेलच्या टोप्या स्वतःच आणायच्या, म्हणजे एका बाजूने एक रंग घालता येईल. जर्सी नव्हत्या, टोपी बघून पास द्यायचा.

यात कॉर्नर कुठे आहे? नाही. कॉर्नर किक शेफील्डच्या नियमांत आली ती पुढे, १८६० च्या दशकाच्या शेवटी, आणि ती आणली शेफील्ड फुटबॉल असोसिएशनने. ही असोसिएशन १८६७ साली गावातल्या क्लबांनी मिळून काढली. आपला क्लब त्यातला एक. 'शेफील्डचे नियम' म्हटलं की लोक एकाच क्लबची वही डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात तो अख्ख्या गावाचा वीस वर्षं चाललेला खटाटोप होता. त्यात फसलेले प्रयोगही आहेत. 'रूज' नावाचा एक प्रकार त्यांनी ईटन शाळेच्या खेळातून उचलला. गोलाच्या दोन्ही बाजूंना आणखी छोटे झेंडे लावायचे, त्यामधून चेंडू गेला आणि तुमच्या माणसाने तो आधी गाठला, तर एक रूज. गोल समसमान असले तर रूज मोजायचे. शेफील्डच्या क्लबांमधल्या यूडन चषकाची १८६७ ची अंतिम फेरी अशीच लागली: हॅलम या गावातल्याच दुसऱ्या क्लबने नॉरफोक क्लबला हरवलं ते गोलांनी नाही, दोन रूजनी. वर्षभरात रूज गेला. तो गेल्याची हळहळ वाटणारा मी बहुधा एकटाच असेन.

आणि हॅलमचं नाव त्या मेसेजमध्ये असूच नये? १८६० सालच्या २६ डिसेंबरला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, सँडीगेटच्या उतरत्या मैदानावर बर्फात हॅलम आणि शेफील्ड खेळले. शेफील्ड २-० ने जिंकला. दोन क्लबांमधला, नोंद असलेला हा पहिला सामना. हॅलम नसता तर आपला हा थोर क्लब अजून लग्नाचे विरुद्ध बिनलग्नाचे खेळत बसला असता. हॅलम आजही सँडीगेटवरच खेळतो आणि ते जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान मानलं जातं.

या दोघांचा २९ डिसेंबर १८६२ चा ब्रॅमल लेनवरचा सामनाही सांगण्यासारखा आहे. तो लँकशरच्या बेकार गिरणी कामगारांच्या मदतीसाठी ठेवला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला, गिरण्या थंडावल्या. त्याच टंचाईने इकडे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांचं उखळ पांढरं झालं, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. तर अशा पुण्यकार्याच्या सामन्यात धक्काबुक्की झाली, हॅलमच्या वॉटरफॉल नावाच्या गड्याने वेस्टकोट काढून फेकला आणि थेट क्रेसविकवर धावून गेला. हॅलमने त्याला शिक्षा काय दिली, तर गोलात उभं केलं. सामना गोलशून्य. कोल्हापुरात पेठांच्या मॅच पाहिलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही.

हेडरचं म्हणाल तर ३१ मार्च १८६६ ला लंडनच्या बॅटरसी पार्कात लंडन विरुद्ध शेफील्ड असा सामना झाला. शेफील्डची मंडळी चेंडूला डोकं लावायला लागली तेव्हा लंडनवाले हसले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे. पण "शोध लावला" म्हणजे पेटंट घेतल्यासारखं वाटतं. आणि तो सामना लंडनने जिंकला, हे मेसेजमध्ये का नसतं? क्रॉसबारच्या बाबतीत मात्र मेसेजला निम्मे गुण देतो. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या १८६३ च्या नियमांत दोन खांब होते, वर काहीच नव्हतं. चेंडू ढगात गेला तरी खांबांच्या मधून गेला की गोल. आडवी दांडी शेफील्डकडे आधी होती.

मग लंडनने चोरलं का? लंडनची ती फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच एफए, ऑक्टोबर १८६३ मध्ये निघाली आणि शेफील्ड एफसी पाठोपाठ वर्गणी भरून तिचा सभासद झाला. क्लबचे सचिव विल्यम चेस्टरमन यांनी सोबत आपले नियम पाठवले, आणि लाथा मारणं व चेंडू घेऊन पळणं हे फुटबॉल नव्हे, अशा अर्थाचं मतही कळवलं. आपण होऊन टपालाने पाठवलेल्या गोष्टीला चोरीचा माल म्हणत नाहीत. पुढची चौदा वर्षं दोन्हीकडचे नियम वेगळे राहिले. शेफील्डचा कॉर्नर लंडनने १८७२ मध्ये घेतला, लंडनचा ऑफसाइड शेफील्डला पुढे मान्य करावा लागला, आणि १८७७ मध्ये दोघांचं जुळलं. रीतसर तडजोड झाली. तिला खलनायक लागत नाही.

"पैशाच्या जोरावर खाली ढकललं" यावर थोडक्यात. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंना पगार द्यायला रीतसर मान्यता मिळाली. शेफील्ड एफसीने पगार द्यायचा नाही असं ठरवलं. ठरवलं, म्हणजे स्वतः. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना खेळाचे पैसे घेणं कमीपणाचं वाटायचं. हौशीपणाच्या त्या बाण्यात थोडा तोराही होता. ज्याला भट्टीवरची पाळी बुडवून खेळायला यायचं, त्याला हा बाणा परवडणारा नव्हता. म्हणजे मेसेजमधली श्रीमंत-गरीब अशी मांडणी नेमकी उलटी आहे. पगारी संघ पुढे निघून गेले. हा क्लब हौशी संघांच्या स्पर्धांत खेळत राहिला आणि १९०४ मध्ये एफए अमॅच्युअर चषक जिंकला. अंतिम सामन्यात ईलिंगवर ३-१. १९७७ मध्ये एफए व्हाज या छोट्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीपर्यंत गेला, बरोबरी झाली, आणि पुन्हा खेळवलेला सामना समोरच्या बिलेरिकी संघाने जिंकला. २००७ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत आठव्या पायरीवर पोचला. त्याच वर्षी दीडशेव्या वाढदिवसाला ब्रॅमल लेनवर इंटर मिलान खेळायला आला होता, प्रमुख पाहुणे पेले. इंटरने ५-२ असं हरवलं. पण आठव्या पायरीवरच्या संघाने इंटरला दोन गोल मारले, हेही लिहा की कधीतरी.

फिफाच्या सन्मानाचा उल्लेख अर्धा खरा. २००४ मध्ये फिफाने स्वतःच्या शंभरीनिमित्त 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिली तेव्हा क्लब दोन होते: शेफील्ड एफसी आणि रेआल माद्रिद. एकमेव म्हणण्यापेक्षा हे जास्त भारी नाही का?

राहिली वही. जुलै २०११ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात ती गेली, हे खरं. हस्तलिखित नियम आणि १८५९ च्या छापील नियमांची उरलेली एकमेव ज्ञात प्रत, असा तो ऐवज होता. किंमत आली ८ लाख ८१ हजार २५० पौंड. पण "दिवस काढायला" नव्हे. क्लबला मैदानावर खर्च करायचा होता, बरीच वर्षं भाड्याने राहिलेल्या माणसाला घराचं असतं तसं. विकायला हवी होती का, यावर माझं मत विचाराल तर नको होती. पण ड्रॉनफील्डला पावसात छप्पर गळत असताना तिजोरीतल्या वहीकडे बघत बसा, हे सांगणारा मी कोण?

तेवढा तो फोटो मात्र बदला.